आरशानं भरलेलं अर्धं

माझे बाबा निवृत्त गणित शिक्षक आणि मी त्यांची एकुलती एक भांडकुदळ लेक. भांडकुदळ हे मी नाही, आई म्हणते. मी चंद्रपूरला नोकरी करते आणि दर शनिवारी नागभीडला घरी जाते, ते मुख्यतः बाबांशी चित्रकोड्यांवरून भांडायला.

चित्रकोडं म्हणजे रिकाम्या घरांची चौकट. प्रत्येक आडव्या ओळीपुढे आणि प्रत्येक उभ्या रांगेवर आकडे असतात. तीन लिहिलं असेल तर तिथं सलग तीन घरं काळी करायची. सगळे आकडे जुळले की चित्र उमटतं. मोबाइलवरची कोडी मी ऑफिसातून छापून नेते (साहेबांना सांगू नका), कारण बाबांना पेन्सिलच लागते.

वाद एकाच गोष्टीचा. एका कोड्यात डावीकडे अर्धं फुलपाखरू आलं, आणि मी उजवं अर्धं तस्संच भरून टाकलं. बाबांनी खोडरबर घेतला आणि माझी सगळी घरं पुसली.

"काऊन पुसलं?"

"हा तर्क नाई, अंदाज हाये."

मी मूळची तापट. "बाबा, आकडे इकडून वाचा की तिकडून वाचा, सारखेच आहेत. म्हणजे उत्तर आरशात धरलं तरी ते उत्तरच. आणि उत्तर तर एकच असते. मग दोन्ही बाजू सारख्या असल्याशिवाय जाते कुठी? झालं सिद्ध!"

"उत्तर एकच असते, हे तुले कोणं सांगितलं?"

"बनवणाऱ्यानं."

"मंग तू तपासलं काय?"

आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात हीच शिस्त. कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, आधी तपासायचं. बाबांनी कागदाच्या कोपऱ्यात चारच घरं काढली, दोनावर दोन. प्रत्येक ओळीपुढे एक, प्रत्येक रांगेवर एक. "हेही दोन्हीकडून सारखंच हाये. भर आता तुह्या आरशानं."

भरताच येईना. काळी घरं तिरपीच बसत होती, एकतर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, नाहीतर उलट. उत्तरं दोन, आणि एकाचीही डावी-उजवी बाजू सारखी नाही. मी म्हटलं, असलं दोन उत्तरांचं कोडं कोणी छापतच नाही. बाबा म्हणाले, "छापत नाई, हा तुहा विश्वास झाला."

दीड वर्ष हेच चाललं. मला त्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, "बरोबर" ऐकायचं होतं. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "काळ्या घरांपाई बापलेक माहं डोकं खाऊन राह्यले!"

मग यंदाच्या उन्हाळ्यात बाबांची कोडी फटाफट सुटायला लागली. तीही फक्त फुलपाखरं, कमळं, घुबडांची तोंडं. कोंबडा, बैलगाडी असलं काही दिलं की "बेकार कोडं" म्हणून बाजूला. मला संशय आला, मास्तर चोरून आरसा वापरतायत. म्हटलं, रंगेहाथ पकडते. आलेखाच्या वहीत मी स्वतः कोडं रचलं, चहाच्या किटलीचं. डावीकडे कान, उजवीकडे तोटी. आडवे आकडे मुद्दाम असे साधले की आरशाचा मोह व्हावा. खरं काय ते फक्त उजवीकडचे उभे आकडे सांगणार होते.

अर्ध्या तासात बाबांनी कागद परत दिला. किटलीला दोन कान! तोटीचा पत्ताच नाही!

"आई, धाव! मास्तर सापडले!" मी इतकी हसले की पोट दुखायला लागलं. "आरसा धरला ना, बाबा?"

"हाव."

एवढंच. जन्मात कधी वादात हार न मानलेला माणूस एका शब्दात कबूल झाला, आणि माझं हसू तिथंच थांबलं. कागद पुन्हा पाहिला. वापरलेल्या आकड्यावर टिंब द्यायची बाबांची सवय आहे. टिंबं डावीकडून निघून मधेच संपली होती. उजवीकडच्या आकड्यांवर एकही नव्हतं. मी पेन्सिल उजव्या बाजूनं हळूच त्यांच्या चेहऱ्याजवळ आणली. त्यांनी पाहिलीच नाही.

"बाबा, तिकडचं दिसत नाही तुम्हाला?"

"मान वळवू वळवू दिसते. आकडे मात्र हरवून जाते."

"कधीपासून?"

"दोन मयने झाले असन."

"आणि तुम्ही रोज स्कूटर चालवून राह्यले?"

"म्हणून तं सांगितलं नाई. तू माही गाडी बंद करशीन."

मी खूप ओरडले. समोरून ट्रक आला असता तर, म्हणत ओरडले आणि ओरडता ओरडता रडायला लागले. ज्या चुकीला मी खिदळले होते, ती चूक म्हणजे माझ्या बापाचे डोळे होते. मला माझीच लाज वाटली.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला बारीकसा झटका येऊन गेलाय, कोणाच्या लक्षात आला नाही. उजवीकडची नजर बहुधा परत येणार नाही. पण गोळ्या चुकवल्या नाहीत तर दुसरा झटका टाळता येईल. स्कूटर बंद. घरी आल्यावर बाबांनी किल्ली मुकाट्यानं आईच्या हातात दिली. ते मला बघवलं नाही, मी अंगणात निघून गेले.

मागच्या खेपेला निघायच्या दिवशी मी बॅग भरून त्यांच्या उजव्या बाजूच्या खुर्चीत मोबाइल बघत बसले होते. चंद्रपूरच्या बसला थोडा वेळ होता. आई समोर भाजी निवडत होती. बाबा बाजेवर पडले होते.

"गेली काय वो पोरगी?" त्यांनी विचारलं.

आई काही बोलणार, तेवढ्यात तेच पुढे म्हणाले, "एक सांगू तुले? तिचं म्हणणं खरं हाये. उत्तर एकच असते हा कोड्याचा नियमच धरला, तं तिचा आरसा पक्का तर्क हाये. मले पह्यल्याच दिवशी समजलं होतं."

"मंग तिले सांगत काऊन नाई?"

"सांगितलं तं मंग ती दर शनवारी येईन कायले?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी ओठांवर बोट ठेवलं आणि तशीच बसून राहिले. बस गेली.