घाटावरचं खारं पाणी

आमच्याकडची माणसं घाटावर जातात ती लग्नाला, नाहीतर बेदाणे आणायला. मी निघाले होते एका इंजिनची धार बघायला. चिपळूणहून कराडची एस.टी. सुटली तेव्हा मांडीवरच्या पिशवीत चार पाने, पकड आणि इंजिनच्या पंपाचा नवा रबरी पंखा होता.

आमची जुनी प्रवासी होडी उन्हाळ्यात इंजिनासकट टेम्पोत घालून ताईच्या गावाला दिली होती. ताईचं सासर पलूसच्या खाली, अगदी कृष्णाकाठी. ती गावची आशाताई, म्हणजे घरोघरी जाणारी आरोग्यसेविका आहे. पूर आला की पहिल्या होडीत ती बसणार, हे ठरलेलं. समुद्रात वाढलेली मी, पण तिच्या त्या नदीची मला पहिल्यापासून धास्ती.

इंजिनचं सांगते. ते आजूबाजूचंच पाणी आत ओढून स्वतःला थंड ठेवतं आणि मागच्या भोकातून बारीक धार सोडतं. धार थांबली की इंजिन तापतं, आणि तापलं की भर पाण्यात बंद पडतं. खाऱ्या पाण्याचं मीठ आतल्या वाटांत बसतं, म्हणून आम्ही किनाऱ्याला लागलो की गोड्या पाण्यावर इंजिन चालवून ते धुतो. दाजींना (बहिणीच्या नवऱ्याला) हे मी दहादा बजावलं होतं. तेही इमानानं करत होते. तरी एके दिवशी फोन आला, "धार बारीक झालीया." दोन दिवस मी फोनवरून शेळ्या हाकल्या, मग उठले आणि गाडीत बसले.

कुंभार्ली घाटात धुकं इतकं की ड्रायव्हर हॉर्नच्या भरवशावर चालला होता. कोयनानगरला एक म्हातारी चढली आणि शेजारी बसून भाजलेल्या शेंगा सोलू लागली.

"कुठं निगालीस बाय?"

"पलूसकडे, बहिणीकडे. नदीकाठीच घर आहे तिचं."

तिचा सोलणारा हात थांबला. "धरान भरत आलंय. दारं उचलली की हितं आमाला काय न्हाई, खालच्यांचं हाल हुत्यात. सामान बांधून ऱ्हावा म्हनावं." एवढं बोलून तिनं माझ्या ओंजळीत शेंगा टाकल्या. पाटण येईपर्यंत त्या तशाच हातात राहिल्या.

कराडला गाडी बदलली आणि तिथल्या पुलावरून कृष्णा पाहिली. तांबडं, गढूळ पाणी, मधूनच एखादं मुळासकट झाड. आमच्या खाडीला भरती येते तशी ओहोटीही येते. पाणी चढतं आणि दिल्या शब्दाप्रमाणे परत जातं. हे पाणी नुसतं पुढे चाललं होतं. खिडकीची काच लावून घेतली तरी ते दिसतच राहिलं.

पलूसच्या स्टँडवर दाजी जीप घेऊन उभे होते.

"या मेव्हणीबाई! समुद्र आनला का पिशवीत?"

"समुद्र तुमच्या इंजिनात बसलाय, दाजी."

ते हसले, पण अर्धवट. वाटेत म्हशी भरलेले टेम्पो समोरून येत होते. नदीकाठचे लोक जनावरं कुंडलला, उंचावरच्या पाहुण्यांकडे हलवत होते. दाजींच्या म्हशी सकाळीच गेल्या होत्या. रस्त्याकडेला एका मोठ्या रानात उसाचं कांडं नव्हतं, नुसत्या वेड्या बाभळी. एवढ्या पाण्याच्या मुलखात हे असं का, असं मनात आलं. विचारायचं राहून गेलं.

ताईनं दारातच मिठी मारली. "लय भिजलीस गं!" वीस-बावीस वर्षांत तिची जीभ पुरती घाटावरची झाली आहे, आमची भाषा फक्त रागावली की बाहेर येते. तिनं अख्खा मसूर, भाकरी आणि खर्डा वाढला. जेवण झकास. चहा मात्र कसासाच, मचूळ लागला. प्रवासाचा शीण, म्हटलं, आणि गोठ्यात गेले.

इंजिन जनावरांच्या हौदाच्या काठाला आवळून बसवलेलं होतं. वर कुंकवाचं बोट, झेंडूचं फूल. दोरी ओढली, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. भोकातून धार आली ती दोऱ्याएवढी. बघता बघता थेंबांवर आली. वरच्या झाकणाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. इंजिन बंद केलं.

नवा पंखा बसवला. तरी तेच. पाण्याच्या वाटेवरचं झाकण खोललं तर आत पांढरंफटक, चुन्यासारखं काहीतरी थर धरून बसलेलं.

"धुता ना तुम्ही रोज?"

"म्हंजे? देवाची पूजा चुकल, पर ह्येचं न्हाई चुकलं. बोरचं ताजं पानी घालून चालवतो."

मी हौदातल्या पाण्याची ओंजळ तोंडात घेतली आणि थुंकले. खारट! मग हौदाच्या कडेची पांढरी रेघ दिसली, ते बाभळींचं रान आठवलं, ताईचा चहासुद्धा आठवला. उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून पाजून जमिनीतलं मीठ वर आलं होतं, बोरमध्ये उतरलं होतं. आणि ह्या माणसांनी आमच्या समुद्राचं मीठ त्यांच्या मिठानं रोज इमानेइतबारे धुतलं होतं.

"खारं? आमाला तर गोडच लागतंय की," दाजी म्हणाले. त्यांनी एक घोट घेऊन पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात गावच्या भोंग्यावरून पुकारा झाला: रात्रीत पाणी वाढणार, मळ्यातल्या लोकांनी गावात यावं. ताई घाईनं आत आली. "मनीषाची वस्ती वड्याच्या पलीकडं. पोटुशी हाय ती माझ्या यादीतली, आठवा म्हैना सरलाय. आजच आनाय पायजे तिला."

असलं इंजिन घेऊन मी माझ्या बहिणीला त्या पाण्यात नेणार नाही, असं मी ओरडूनच सांगितलं. ताईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पानी तापवायच्या रॉडवर असाच थर बसतोय. मी त्यो लिंबाच्या सत्त्वानं काडती. ह्येला चालंल?"

चालेल की नाही, मलाही धड ठाऊक नव्हतं. सत्त्व जास्त झालं तर धातूच खाईल. पण दुसरा उपाय नव्हता. पाणी मात्र गोडं हवं, आणि ते वरून ओतत होतं! पत्र्याच्या पागोळ्यांखाली आम्ही पातेली, घमेली, बादल्या मांडल्या. थोडं पाणी बंबात कोमट केलं, त्यात बेतानं सत्त्व टाकलं आणि औषध फवारायच्या पंपानं दाजींनी ते इंजिनच्या वाटांत दाबलं. फेस आला, मग पांढरं दूध वाहिलं, मग खपल्या पडल्या. मागून बादल्यांवर बादल्या पावसाचं पाणी सोडलं. शेवटी हौद रिकामा करून तोही पागोळ्यांच्या पाण्यानं भरला आणि दोरी ओढली.

धार आली. करंगळीएवढी, लांब, कोमट. ताईनं तिच्याखाली हात धरला. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

उजेड असतानाच निघालो. सुकाणू माझ्याकडे, पुढे बांबू घेऊन दाजी, मागे माझ्याजवळ ताई.

"ताई, तू कुठंही बघू नकोस. फक्त धार बघ."

ओढ्याचा कुठे मागमूस नव्हता. उसाचे शेंडे तेवढे पाण्यावर हलत होते. मधोमध आलो तोच ताई किंचाळली, "गेली! धार गेली!" आणि लगेच मला आमच्या भाषेत, "मेले, गेली बघ!"

चालू ठेवलं तर इंजिन जळणार, बंद केलं तर नदी नेणार. मी बंद केलं. होडी आडवी झाली. दाजींनी बांबू एका बाभळीच्या फांदीत अडकवून जीव खाऊन धरला. इंजिन वर उचललं; पाणी ओढायच्या जाळीवर उसाचं पाचट गच्च बसलं होतं. माझ्या बोटांना ते निघेना; ताईनं माझे हात बाजूला सारले आणि वाकून मुठीनं पाचट उपसून काढलं. तिच्या बांगड्या फुटल्या. दोरी ओढली. एकदा, दोनदा. मग धार आली.

मनीषा आणि तिची सासू आमची वाटच बघत होत्या. येताना ताईनं एका हातानं मनीषाला धरलं होतं, दुसरा हात धारेखाली होता. गावच्या शाळेच्या पायरीला होडी लागेपर्यंत मी पाण्यावरून नजर हलवली नाही.

पाणी उतरू लागल्यावर मी परत निघाले. "चल माझ्याबरोबर, चार महिने माहेरपण कर," मी ताईला म्हटलं.

"आनी हितलं कोन बघल?" ती म्हणाली. पिशवीत तिनं बेदाणे घातले.

आता रोज होडी किनाऱ्याला लागली की मी आधी पाण्याची चव घेते, मग इंजिन धुते. भीती काही धुतली जात नाही. घाटावर पाऊस वाढल्याची बातमी आली की घास उतरत नाही. अशा दिवशी ताई फोन करत नाही, छोटा व्हिडिओ पाठवते. त्यात ती दिसत नाही. फक्त धार दिसते, आणि तिच्याखाली धरलेला नव्या हिरव्या बांगड्यांचा हात. तो बघितला की मी जेवायला बसते.