टाकी भरली की गँग सुटते

संताजी देवासच्या एका कंपनीत सुपरवायझर आहेत. घर धारला, पण तीस वर्षं ते राहिले टाक्यांखाली. गावोगाव पाण्याच्या उंच टाक्या बांधायच्या, एक झाली की बिस्तरा गुंडाळून दुसरीकडे.

त्यांच्या मनावर गावातल्या साइटवर अनीश आला तो शिकवायला. मराठीचा एम.ए. कंपनीने रोजचं काम नोंदवायला मोबाइल ॲप घेतलं होतं. महिन्यात वीस माणसं ते वापरू लागली तर अनीशची नोकरी पक्की. नाहीतर घरी माई बी.एड.चा फॉर्म घेऊन बसलेलीच होती.

अनीशने चाळीस पानांची पुस्तिका लिहिली. शुद्ध मराठीत, उपमांसकट. साइटवर सगळे हिंदी वाचणारे. त्यांनी ती आदराने घेतली आणि तिच्यावर पोहे खाल्ले. मग त्याने एकेकाचं बोट धरून शिकवलं. तीन आठवड्यांत बावीस जण तयार झाले. संताजींना तेवढं त्याने वगळलं. या वयात काकांना कशाला त्रास, असा त्याचा उदार विचार.

मग टाकी भरून पाहिली. गळली नाही. नारळ फुटला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी अनीश साइटवर गेला तर मजुरांची गँग निघून गेलेली, संताजी एकटेच बिस्तरा बांधत होते.

"टाकी भरली की गँग सुटते, भिया. पुढची टाकी लोहारद्याला, तिथे नवी माणसं येतील."

"काका, आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही इतके मनापासून शिकवत होते. मधे कशाला बोलायचं."

जाणारे बावीस शिकवले आणि राहणारा एक सोडला, हे एम.ए.च्या डोक्यात तेव्हा शिरलं. तो तिथेच बिस्तऱ्यावर बसला आणि फोन काढला. संताजी दहा मिनिटांत शिकले. मग त्यांनी विचारलं, "हे भरल्यावर संध्याकाळी साहेबांना फोनवर परत सगळं सांगायचंच ना? मग दोनदा कोण करेल?"

अनीशला हे कधी सुचलंच नव्हतं.

देवासला कंपनीत राजवर्धन साहेबांनी आकडा विचारला. अनीश म्हणाला, "एक. तोही तुमचा संध्याकाळचा फोन बंद झाला तर."

 साहेब फोन बंद करायला तयार झाले. अनीशला आणखी एक महिना मिळाला.

लोहारद्याला नव्या गँगला संताजींनीच शिकवलं. अनीशला तीन आठवडे लागले ते त्यांनी एका चहात उरकलं. ही गोष्ट देवासला पोचू नये म्हणून दुसरा चहा अनीशने पाजला.