दादाने हरलेला सेट

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, तेव्हा रेल्वेतल्या बाबांना एकाच पोराचं टेनिस झेपत होतं. माझी रॅकेट सुटली आणि दादा व्यावसायिक खेळाडू झाला. पुढे सट्टेबाजांशी संगनमत करून मुद्दाम सेट हरल्याबद्दल त्याच्यावर कायमची बंदी आली. तो घरी आला, तर आई त्याला गरम पोळ्या वाढू लागली.

"काहून केलं दादा असं?" मी विचारलं.

"एकच त सेट होता. मॅच त मीच जिंकलो ना."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "तुले फेकाले खेळ भेटला, मले त खेळालेच नाई भेटलं!"

"जेवू दे त्याले," आई म्हणाली.

मी भरल्या ताटावरून उठले. नंतर त्याने पेपरवाल्यांसमोर हात जोडून माफी मागितली, माझी मात्र कधीच नाही. मी त्याच्याशी आजही बोलत नाही.