तेलुगूच्या ओळीवर मराठी

ही गोष्ट मी घरातही कधी बोललो नाही. तेलंगणात, तलमडुगूकडच्या एका मराठी शाळेत मी शिकवतो. आमच्या मुलांना तेलुगूही वाचावी लागते, आणि मला स्वतःला ती अडखळतच येते. म्हणून मी सोपी वाट काढली. पुस्तकातल्या प्रत्येक तेलुगू ओळीवर पेन्सिलीनं तेच शब्द मराठी अक्षरांत लिहून द्यायचो. मुलं घडाघडा वाचायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी पाचवीतल्या एका मुलीला शाबासकी दिली, तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत होतो. तिची नजर खालच्या तेलुगू ओळीवर एकदाही उतरली नव्हती, हे मला ठाऊक होतं.

सहावीला ती तेलुगू माध्यमाच्या शाळेत गेली. जवळ दुसरी शाळाच नव्हती. महिन्याभरात कोरं पुस्तक घेऊन माझ्याकडं आली.

"सर, यात वरची ओळ नाई. तिथल्या पोरी हासतेत मले."

नेमका त्याच आठवड्यात मी प्रशिक्षणाहून ऐकून आलो होतो, की आधार काढल्याशिवाय मूल वाचायला लागत नाही. पटलंही होतं. म्हणालो, "आता नाही लिहिणार. अक्षरं ओळखायला शीक."

"मंग पयले काऊन लिहून देल्लं?"

ती पुस्तक छातीशी धरून निघून गेली.

लिहून दिलं ते चुकलं, की ऐन वेळी थांबलो ते? तिच्याच बाकावरची, तशाच पुस्तकावर शिकलेली दुसरी मुलगी आज दुकानांच्या पाट्या सरसर वाचते. ती कशी शिकली, तेही मला सांगता येत नाही. कधी वाटतं, पद्धत बरी होती. कधी वाटतं, त्या दुसऱ्या मुलीनं माझ्या पद्धतीवर मात केली, इतकंच.

परवा बाजारात, कोरं पुस्तक घेऊन आलेल्या त्या मुलीचे वडील वांगी विकायला बसले होते.

"सर, शाळेत जात नाई म्हन्ते पोरगी. माह्यासोबत वावरात येऊन राह्यली."

"पाठवा तिला माझ्याकडं."

"पाठवतो. पन लिहून द्यान ना? का मागच्यासारखी रडतच वापस येईन?"

आजूबाजूला गिऱ्हाइकं होती. तरी बोललो, "भाऊ, खरं सांगतो, मलाच तेलुगू धड वाचता येत नाही. तिला येत नाही, ते माझ्यामुळं."

त्यांनी तराजू खाली ठेवला. मग म्हणाले,

"मंग आता तिले कोन शिकवीन?"