फिलीना टटलची शेवटची सही

हार्लन पेटेंगिलला दोन बायका आहेत, असं त्याची बायको व्हर्नाच आमच्या गार्डिनर गावभर सांगत फिरते. पहिली ती स्वतः. दुसरी फिलीना टटल, जी हार्लनच्या जन्माआधीच वारली.

फिलीना लार्च पॉइंट आइस कंपनीची चिटणीस होती. आमची नदी गोठली की ही कंपनी तिचा बर्फ कापायची आणि जहाजं भरभरून विकायची. पुढे घरोघरी फ्रिज आले आणि कंपनी बुडाली. उरली ती तिची शेअर सर्टिफिकेटं. प्रत्येकावर उजव्या कोपऱ्यात अध्यक्षाची सही, डाव्या कोपऱ्यात चिटणिसाची. अध्यक्ष ड्रमंडसाहेब नंतर राज्याचे गव्हर्नर झाले, त्यामुळे जुनी सर्टिफिकेटं जमवणाऱ्या आमच्या क्लबातले सगळे उजवीकडे बघतात. मी तर सह्यांच्या भानगडीतच पडत नाही. मला वरची कोरीव चित्रं आवडतात, बर्फ ओढणारे घोडे वगैरे. डावीकडे बघणारा हार्लन एकटाच.

जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस हा. तारखेप्रमाणे सर्टिफिकेटं मांडून तो मला फिलीनाचं अख्खं आयुष्य वाचून दाखवायचा. इथे नोकरी नवी, म्हणून अक्षर अंग चोरून बसलंय. इथे आडनावाला लांब शेपूट फुटलं, म्हणजे बाई रुळली. इथे कुणावर तरी चिडलीय. मी म्हणायचो, अरे, पेन बदललं असेल. मग तो आठवडाभर माझ्याशी अबोला धरायचा.

त्याचा खरा राग मात्र कात्रीवर. सह्या जमवणाऱ्यांची एक वेगळीच जमात असते. मोठ्या माणसाची सही तेवढी कापून घ्यायची, फोटोखाली चिकटवायची आणि उरलेला कागद केराच्या टोपलीत. क्लबाच्या जेवणाला असा माणूस शेजारी येऊन बसला की हार्लन आपलं ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जातो.

त्याला हवं होतं कंपनीचं शेवटचं सर्टिफिकेट. म्हातारपणी फिलीनाचं अक्षर कसं झालं, एवढंच त्याला बघायचं होतं. पोर्टलंडला जुन्या कागदांच्या प्रदर्शनात मी, हार्लन आणि व्हर्ना गेलो होतो, तिथे रॉस्को नावाच्या विक्रेत्याच्या टेबलावर ते दिसलं. किंमत ऐकून हार्लनचा चेहरा पडला. शेजारी बॉस्टनचे एक वकील उभे होते, व्हिटकोम म्हणून. त्यांनी लगेच पाकीट काढलं आणि सर्टिफिकेट घेतलंसुद्धा. त्यांच्याकडे गव्हर्नरचा फोटो होता, त्याखाली सही हवी होती.

माणूस वाईट नव्हता. रॉस्कोने त्यांना हार्लनचं वेड सांगितलं, तेव्हा ते हसून म्हणाले, "मला उजवा कोपरा पुरे. बाकीचा कागद तुम्ही न्या, फुकट. कात्री आहे का हो कुणाकडे?"

हार्लनने नुसती मान डोलवायची होती. खरं सांगतो, मी डोलवली असती.

"घे ना रे," व्हर्ना हळूच म्हणाली. "किती वर्षं शोधतोयस."

हार्लनने कागद मागून घेतला आणि खिडकीपाशी नेला. मीही डोकावलो. सही थरथरली होती आणि शेवटची अक्षरं रेघेखाली घसरली होती. या वेळी पेनाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. बराच वेळ बघून तो परत आला.

"कापू नका," तो म्हणाला. "मी तुम्हाला चौकट करून देतो. वरच्या पुठ्ठ्याला खिडक्या पाडतो. एकीत फोटो, एकीत गव्हर्नरची सही. कागद मागे अख्खा राहील."

"आणि तुमची बाई?"

"पुठ्ठ्याखाली जाईल."

"मग तुम्हाला काय मिळालं?"

"कागद अख्खा राहील ना," हार्लन पुन्हा म्हणाला. वकिलांनी खांदे उडवले आणि कागद त्याच्या हवाली केला.

चौकट त्याने आपल्या गॅरेजमध्ये केली, कागदाला डिंकाचा थेंबही लागू न देता. मी लुडबुड करायला होतोच. सगळं जमलं, पुठ्ठा तेवढा ठेवायचा राहिला, आणि त्याचा हात अडला.

"मी झाकू का?" व्हर्नाने विचारलं. तिची थट्टा कुठल्या कुठे गेली होती.

"नको. मीच झाकतो."

मी उगाच खिळे गोळा करत बसलो.

चौकट पोचवायला आम्ही तिघे बॉस्टनला गेलो. वकिलांनी ती लगेच भिंतीवर लावली आणि कचेरीतल्या सगळ्यांना बोलावून गव्हर्नरची सही दाखवली. सगळ्यांनी वाहवा केली. गर्दी पांगली तरी हार्लन टोपी हातात धरून चौकटीच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत उभा होता. तिथे कोरा पुठ्ठा. कचेरीतल्या एका मुलीला वाटलं, म्हाताऱ्याला नीट दिसत नसावं.

"आजोबा, सही उजवीकडे आहे," ती मायेने म्हणाली.

हार्लनने तिचे आभार मानले आणि डावीकडेच बघत राहिला.