गणपतीच्या गोळ्या

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगताना मान जरा ताठ होते, ती होऊ दे. सावर्ड्यापासून आत आमचं गाव. रत्नागिरीला वसतिगृहात राहून मी प्राणिशास्त्र घेतलं. आई गावात सांगायची, "आमची पोर उंदरं फाडायला शिकते." त्यात खोटं काही नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वडील वारलेले, दादा मुंबईत कारखान्यात, घरी आई आणि वहिनी. दादाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. माझं शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी, उन्हाळ्याच्या सुटीत आईने ठरवून टाकलं, की शिमग्यापर्यंत काही झालं नाही तर वहिनीला माहेरी पाठवायची आणि दादाला दुसरी करायची. कायद्याने हा गुन्हा, पण वाडीत कायदा कोण विचारतो? मुलगीसुद्धा हेरलेली होती. हे सगळं वहिनीच्या देखत बोललं जायचं. ती भाकऱ्या थापत राहायची.

पावसाळ्यात कॉलेज उघडलं. आमच्या सरांनी मुंबईत संशोधन केलेलं, त्यामुळे पुस्तकात नसलेलं काहीबाही ते आम्हाला दाखवत. एकदा त्यांनी गाभण उंदराच्या शेपटीच्या शिरेत निळा रंग टोचला आणि थोड्या वेळाने पोट उघडलं. उंदराच्या गर्भाशयाला दोन नळ्या असतात. दोन्ही नळ्यांवर अंतराअंतराने निळे पट्टे उमटले होते. सर म्हणाले, "गर्भ जिथे टेकतो तिथल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, म्हणून रंग तिथेच साचतो. गर्भ अजून नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. पण त्याला जागा मिळालीय, हे दिसतं."

मग दुसरी मादी. हिला त्यांनी हॉर्मोनची इंजेक्शनं भलत्याच वेळी दिली होती. हिच्या गर्भाशयावर एकही पट्टा नाही. आम्हाला वाटलं, ही गाभणच नसणार. सरांनी नळीतून मिठाचं पाणी सोडलं आणि पडलेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. गर्भ होते. गोल, अखंड, तरंगत.

"खोट कुणात?" सरांनी विचारलं.

"मादीत," मागून एकजण म्हणाला. "रिकामी तीच राहिली ना, सर."

पोरं हसली. सर हसले नाहीत. "गर्भ चांगला आहे. गर्भाशयही चांगलं आहे. त्याचं अस्तर प्रोजेस्टेरॉनने तयार होतं, मग पेशींच्या पृष्ठभागावरचे रेणू बदलतात आणि थोडाच काळ ते गर्भाला धरू शकतं. कोणते रेणू, ते अजून शोधतायत. तो काळ टळला की तेच अस्तर गर्भाला जवळ करत नाही. बाहेरून हॉर्मोन दिलं, की हे सगळं मागेपुढे होतं."

मला एकदम घरच्या फळीवरची गोळ्यांची पट्टी आठवली.

वडील गेल्यापासून आई गौरीला हात लावत नसे. मी कुवार. घरात सवाष्ण एकटी वहिनी. ती ऐन सणात बाहेरची झाली तर गौरीपुढे सुपं ओवाळायचा ओवसा, नैवेद्य, सगळं अडलं. म्हणून गणपतीच्या आधीपासून आई तिला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या द्यायची, त्या गौरी जाईपर्यंत. शिमग्याला पुन्हा, गावदेवाची पालखी घरी येऊन जाईपर्यंत. आणि दादा मुंबईहून यायचा तो गणपतीला आणि शिमग्यालाच.

तास संपल्यावर मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "त्या गोळ्यांतही हॉर्मोनच असतं. चालू असताना बहुतेक बीजच सुटत नाही, आणि सुटलं तरी अस्तर जागेवर नसतं. पण उंदीर वेगळा, माणूस वेगळा. डॉक्टरला विचार." डॉक्टरकडे जायला आई तयार होणार नाही, हे मला माहीत होतं. मीच घरी गेले.

आई ओटीवर तांदूळ निवडत होती. वहिनी आत, पण दाराशीच.

"आई, भाताचा तरवा तयार आहे आणि खाचरात चिखलच नाही. लावणी करशील?"

"चिखलाबिगर कोण लावतंय गो?"

"मग वाईट कोण म्हणायचं? तरवा की खाचर?"

आईने सूप थांबवलं. "पाऊस."

"तो पाऊस तूच अडवतेस, त्या गोळ्यांनी." आणि मी उंदरांची सगळी हकीकत सांगितली.

"म्हणजे आता उंदरावरनं माझ्या सुनेचा हिशोब? आणि गौरीला कोण हात लावील? मी का तू?"

"गोळ्या दे ना, सणाला दे. पण मग दादाला सणाला बोलावू नको. भात झोडून झालं की येऊ दे."

"गणपतीला पोरगा नाय येणार? लोक काय शेण घालतील तोंडात!"

दारातून वहिनी म्हणाली, "घालू द्या, आत्याबाई. माझ्या तोंडात रोजच घालतायत."

आईने सुपातला एक खडा उचलून अंगणात फेकला. मग म्हणाली, "शिमग्यापर्यंतच हां. मी शब्द फिरवणार नाय."

त्या वर्षी गणपतीची पूजा चुलत्यांनी केली. दादा आला मार्गशीर्षात. न सणाचा, न वाराचा चाकरमानी बघून वाडीतला जो तो विचारी, "काय रे, नोकरी गेली?" दादा लाजून म्हणायचा, "रजा उरली होती."

शिमग्याला पालखी आली तेव्हा वहिनीला गोळ्यांची गरज नव्हती. पाळी आपणच थांबली होती. हेरलेल्या मुलीकडे आईने कुणाच्या तरी तोंडी निरोप धाडला, की दुसरीकडे बघा.

गोळ्यांमुळेच अडलं होतं, असं मी आजही छातीठोक म्हणणार नाही. उंदीर वेगळा, माणूस वेगळा.

वहिनी माहेरी बाळंत झाली, ती नेमकी गणपतीच्या तोंडावर. मुलगी. साऱ्या घराला सोयर लागलं. मखर बांधून तयार, मूर्ती मूर्तिकाराकडे रंगवून तयार, पण आमच्यातल्या कुणी देवाला शिवायचं नाही.

"ज्याच्यापायी सुनेला गोळ्या चारल्या," आई म्हणाली, "त्यानेच घरदार बाहेर बसवलं."

गणपती डोक्यावर घेऊन माणसं आमच्या अंगणावरून जात होती. रिकामं मखर बघून एकाने विचारलं, "काकी, तुमचा कुठाय?"

"सोयर आहे आम्हाला!" आई ओरडून म्हणाली. तो अगदी जवळ उभा होता. तिला ते खालच्या वाडीला ऐकवायचं होतं.