दोनदा घेतलेलं माप

नागपूरच्या डॉक्टरांनी स्क्रीनवर पेनाचं टोक ठेवून तीन पांढरे ठिपके दाखवले. माझ्या यजमानांच्या फुप्फुसाचा कॅन्सर मेंदूत पोचला होता. याला मेटास्टेसिस म्हणतात, म्हणजे मूळ जागा सोडून पसरणं. आम्ही तर हातातून कप निसटतो एवढंच सांगायला गेलो होतो.

अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या गावात तलावाचं पाणी हेच सोडतात. तलावाचं दार कधी उघडायचं, कोणाची पाळी कोणानंतर, सगळं तोंडपाठ. वडिलांकडून आलेलं, कागदावर एक ओळ नाही.

म्हणून डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या तेव्हा मी घाबरले. ठिपके मोजकेच असतील तर स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी. नाव सर्जरीचं, पण चिरफाड नाही, फक्त ठिपक्यांवर नेमके किरण. पुढच्या बारीक तपासणीत जास्त निघाले तर पूर्ण डोक्याला शेक, म्हणजे सगळ्या मेंदूवर किरण, आणि त्यानं पुढे आठवण कमी होऊ शकते.

हे म्हणाले, "म्हनजे ज्याच्या धानाले पानी पायजे, त्याचाच पाट खोलाचा."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले.

प्लॅनिंग या शब्दाचा मी आता धसकाच घेतला आहे. जाळीचं प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबतात, त्याचा मुखवटा होतो. तो टेबलाला अडकवला की डोकं हलत नाही. मग सीटी, एमआरआय, आणि किरणांचं गणित होईपर्यंत बारा दिवस थांबायचं.

त्या बारा दिवसांत आम्ही माती खाल्ली. मेंदूची सूज उतरायला डेक्सामेथासोन नावाच्या स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. त्यांनी यांचा चेहरा फुगला होता. गावात जो तो म्हणे, तब्येत मस्त सुधरली. हे चिडले आणि मला न सांगता गोळ्या बंद केल्या. डोकं दुखायला लागलं, उलट्या झाल्या, पण गोळ्या सोडल्याचं सांगितलं नाही.

ठरलेल्या दिवशी चेहरा उतरलेला, मुखवटा गालाशी सैल पडला. प्लॅनिंग पहिल्यापासून, एमआरआयसुद्धा. डॉक्टर रागावले ते बरोबरच होतं. तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं ऐका, ही गोळी आपल्या मनानं थांबवू नका. जिवावर बेतू शकतं. मला यांचा इतका राग आला होता की मी एक खुर्ची सोडून बसले.

दुसऱ्यांदा माप घेतलं. नवा ठिपका निघाला तर, हाच विचार डोक्यात. "तीनच आहेत. एक थोडा वाढलाय, पण नेमके किरण देता येतील," डॉक्टर म्हणाले. मला धड आभारही मानता आले नाहीत. आता मानते.

किरण देऊन दोन महिने झाले. ठिपके आकसले आहेत. पुढचं कोणी सांगत नाही, मीही विचारत नाही. आठवतो तो त्या दुसऱ्या मापानंतरचा गाडीतला प्रवास. एमआरआयच्या मशीनमध्ये पडल्या पडल्या हे मनात पाण्याच्या पाळ्या म्हणत होते म्हणे. मला तशाच म्हणून दाखवल्या, कुठे अडखळले नाहीत. पण शेवटी आमचं नाव आलं नाही.

"आपली राह्यली," मी म्हटलं.

"आपली आखरीले राह्यते ना," हे म्हणाले. "तिथवर आलो, अन मशीन थांबली."